शिक्षकास जाब कोणीं विचारावा?

‘एकदां कायम झाला कीं मास्तर संपला,’ हें वाक्य आजकाल सुशिक्षित घरांतून इतक्या सहजपणें उच्चारिलें जातें कीं, तें सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर आहे याची जाणीवहि बोलणाराला राहत नाहीं. मुलांच्या वाचनाविषयीं एखादी पाहणी वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाली, पांचवींतील मुलाला दुसरीचें पुस्तक वाचतां येत नाहीं असें कळलें, म्हणजे हें वाक्य हमखास बाहेर पडतें. आणि त्याच्या पाठोपाठ उपायहि सांगितला जातो : नोकरीची हमी काढून घ्या, वर्षावर्षाच्या करारानें माणसें नेमा, निकाल दाखवील त्याला ठेवा, न दाखवील त्याला घरीं पाठवा. दुकानाचा मालक जें करतो तें सरकारनें व नगरपालिकांनीं कां करूं नये, असा हा सवाल असतो. सवाल दिसावयास सरळ आहे. प्रस्तुत लेखांत आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, रोगाचीं लक्षणें या लोकांनीं पुष्कळशीं खरीं सांगितलीं असलीं तरी त्यांचें निदान चुकलें आहे, आणि त्या निदानावरून योजलेलें औषध रोग्याचा आजार वाढविणारें आहे.

हा वाद हवेंत न करतां एका गांवाच्या आधारानें करावा हें बरें. आणि त्यासाठीं भिवंडीइतकें योग्य गांव ठाणें जिल्ह्यांत क्वचितच सांपडेल. मुंबई-आग्रा रस्त्यावरचें, कामवारी नदीच्या कांठचें हें शहर यंत्रमागांवर जगतें. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण या राज्यांतून आलेले मजूर, पिढ्यान्‌पिढ्या येथें स्थायिक झालेले मोमीन विणकर व कोकणी मुसलमान, पद्मनगरांतील तेलुगु पद्मशाली, आणि मूळचे आगरी, कोळी व इतर मराठी लोक अशी येथील वस्ती आहे. म्हणूनच येथील महानगरपालिकेच्या वांट्याला मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती, तेलुगु अशा अनेक माध्यमांच्या शाळांचा संसार आला. शहराबाहेर तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. त्यांत आदिवासी पाड्यांवरचीं आणि वीटभट्ट्यांवर हंगामापुरतीं येणाऱ्या कुटुंबांतील मुलें येतात. यांच्या जोडीला खाजगी संस्थांच्या अनुदानित शाळा आहेतच. मुलांचे बाप बारा-बारा तासांच्या पाळीवर मागापुढें उभे, आया घरकामांत व किरकोळ मजुरींत गुंतलेल्या. अशा मुलाला घरीं शिकविणारें कोणी नाहीं, आणि शिकवणीस द्यावयास पैसा नाहीं. शिक्षकाचा वाया गेलेला तास जेथें दुसरीकडे कोठेंहि भरून निघण्याचा संभव नाहीं, तेथें शिक्षकानें कोणास जाब द्यावयाचा हा प्रश्न चर्चामंडळाच्या करमणुकीचा राहत नाहीं.

तेव्हां प्रथम प्रतिपक्षाचें म्हणणें त्याच्या पूर्ण बळानिशीं मांडूं. जागतिक बँकेच्या व विद्यापीठांच्या अभ्यासकांनीं २००३ सालीं भारतांतील वीस राज्यांतल्या शाळांस पूर्वसूचना न देतां भेटी दिल्या. सरकारी प्राथमिक शाळांतील शेंकडा सुमारे २५ शिक्षक त्या वेळीं शाळेंत नव्हते. महाराष्ट्राचा आंकडा सर्व राज्यांत कमी, म्हणजे शेंकडा सुमारे १५ होता, ही थोडी समाधानाची गोष्ट. तथापि सहा-सात शिक्षकांपैकीं एक जागेवर नसणें ही कांहीं मिरविण्याची बाब नव्हे. याच पाहणींतला दुसरा आंकडा अधिक बोलका आहे. जवळजवळ तीन हजार सरकारी शाळांच्या मुख्याध्यापकांस विचारलें असतां, वारंवार गैरहजर राहिल्याबद्दल शिक्षकास नोकरींतून काढल्याचें उदाहरण केवळ एका शाळेंत निघालें. तीन हजारांत एक! हिला नोकरी म्हणावयाचें कीं वतन, असें कोणीं विचारलें तर त्याचा राग मानण्याचें कारण नाहीं.

परंतु हाच अहवाल हातांत घेऊन जे कंत्राटी पद्धतीचा पुरस्कार करतात, त्यांनीं तो शेवटपर्यंत वाचलेला नसतो. करारानें व कमी पगारावर नेमलेले शिक्षक कायम शिक्षकांपेक्षां अधिक हजर असतात, असें त्या अभ्यासकांस आढळलें नाहीं. ज्याची नोकरी जाऊं शकत नाहीं तोहि गैरहजर, आणि ज्याची केव्हांहि जाऊं शकते तोहि गैरहजर. मग गैरहजेरीचें मूळ नोकरीच्या हमींत शोधणें हा तर्कदोष नव्हे काय? उलट ज्या शाळेची नुकतीच तपासणी झालेली होती, जी पक्क्या रस्त्याजवळ होती, जिची इमारत व सोयी बऱ्या होत्या, तेथें गैरहजेरी कमी दिसली. म्हणजे फरक पडला तो शाळेकडे पाहणारें कोणी आहे कीं नाहीं, यानें. नोकरी तात्पुरती करणें सोपें आहे, त्यास एक शासननिर्णय पुरतो. शाळेकडे पाहण्यास मात्र माणूस लागतो आणि त्यानें पायपीट करावी लागते. सोप्याचा कैवार घेऊन अवघडाला बगल देणें याला सुधारणा म्हणत नाहींत.

नोकरीची ही हमी आली कोठून, याचाहि विसर पडूं देतां कामा नये. खाजगी शाळांतील शिक्षकांस महाराष्ट्रांत ती १९७७ च्या ‘खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियमानें’ मिळाली, आणि तो कायदा जुलै १९८१ पासून अंमलांत आला. त्यापूर्वीं संस्थेच्या चिटणीसांची मर्जी हाच पुष्कळ ठिकाणीं सेवेचा नियम होता. एप्रिलांत नोकरी संपवून जूनमध्यें तीच नव्यानें द्यावयाची, म्हणजे सुटींतला पगार वांचला. पुऱ्या पगाराच्या आंकड्यापुढें सही घ्यावयाची आणि हातांत कमी रक्कम ठेवावयाची. असले प्रकार त्या काळच्या शिक्षकांच्या तोंडून पुष्कळांनीं ऐकले असतील. कायद्यानें एवढेंच केलें कीं, कारण सांगितल्याशिवाय व म्हणणें ऐकून घेतल्याशिवाय कोणासहि काढतां येऊं नये, आणि तसें झाल्यास शिक्षकास ३० दिवसांच्या आंत शाळा न्यायाधिकरणापुढें दाद मागतां यावी. महानगरपालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे सेवानियम वेगळे असले तरी त्यांतलें तत्त्व हेंच आहे. अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यानें १९०९ सालीं शिक्षकांस अशी हमी देणारा कायदा केला, त्यामागेंहि राजकीय वशिल्यानें होणाऱ्या नेमणुका व हकालपट्ट्या थांबविण्याचाच हेतु होता. परीक्षेच्या केंद्रावर नकला करूं न देणारा, पोषण आहाराच्या धान्यांतली तूट वहींत नोंदणारा, शाळेंत नसलेलीं मुलें पटावर हजर दाखविण्यास नकार देणारा शिक्षक कोणाच्या बळावर उभा राहतो? गांवचा पुढारी त्याच्यावर नाराज, संस्थाचालक नाराज, कधीं कधीं पालकहि नाराज. त्याच्या पाठीशीं फक्त ही हमी असते. ती काढून घेतली तर प्रथम बळी पडेल तो कामचुकार शिक्षक नव्हे, कारण त्याला मर्जी सांभाळण्याची कला अवगत असते; प्रथम जाईल तो हा खरें बोलणारा.

पण याच कवचाआड कामचुकार लपत नाहीं काय, असें विचारलें जाईल. लपतो, मात्र त्याला आडोसा देतात तीं माणसें, कायदा नव्हे. कायदा काय म्हणतो तें पाहा. नव्या शिक्षकास परिवीक्षेचीं दोन वर्षें, आणि शिक्षणसेवक म्हणून नेमल्यास तीन वर्षें, पारखून घेण्याची मुभा आहे. त्या मुदतींत काम असमाधानकारक वाटलें तर एका महिन्याची सूचना अथवा पगार देऊन त्याला मोकळें करतां येतें. कायम झाल्यावरहि दर वर्षीं त्याच्या कामाचा गोपनीय अहवाल लिहावा, त्यांत प्रतिकूल शेरा असेल तर तो त्यास कळवावा, असा नियम आहे. गैरवर्तन, कर्तव्यांतील जाणूनबुजून केलेली सततची हयगय, आणि अकार्यक्षमता हीं नोकरींतून काढण्याचीं कारणें १९८१ च्या नियमावलींत नांवानिशीं दिलेलीं आहेत. चौकशी समितींत तीन माणसें असावीं : एक व्यवस्थापनाचा, एक त्या शिक्षकानें सुचविलेला, आणि एक राज्य वा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादींतला, आणि ही चौकशी सामान्यतः १२० दिवसांत पुरी व्हावी, असेंहि त्यांत लिहिलें आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यानें तर कलम २४ मध्यें शिक्षकाचीं कर्तव्येंच मोजून दिलीं : नियमित व वेळेवर येणें, अभ्यासक्रम पुरा करणें, प्रत्येक मुलाची शिकण्याची शक्ति पाहून लागेल तें जादा शिक्षण देणें, पालकांच्या सभा घेणें. हीं न पाळल्यास शिस्तभंगाच्या कारवाईचीहि तरतूद त्यांतच आहे.

एवढीं आयुधें हातीं असतां तीं गंजलीं कां? कारण तीं चालविण्याचा त्रास कोणास नको आहे. तीन वर्षें ज्याच्या वर्गांत एकदांहि शांतपणें बसून पाहिलें नाहीं, त्याच्या कागदावर ‘काम समाधानकारक’ असा शेरा मारणारा मुख्याध्यापक; तो शेरा न वाचतां मान्यता देणारा अधिकारी; आणि नेमणुकीच्या वेळीं जें कांहीं घडलें असेल त्यामुळें पुढें बोलण्याचें तोंड न राहिलेला संस्थाचालक, या तिघांच्या सह्यांनीं अपात्र माणूस कायम होतो. मग वीस वर्षांनीं त्याच्याकडे बोट दाखवून ‘कायद्यानें हात बांधले आहेत’ असें हेच तिघे सांगतात. हात बांधलेले नव्हते. ते खिशांत होते.

कंत्राटाचा प्रयोग महाराष्ट्रानें करून पाहिलेला नाहीं असेंहि नव्हे. २००० सालीं ‘शिक्षणसेवक’ योजना आली. पूर्ण पात्रता असलेल्या तरुणास तीन वर्षें अल्प मानधनावर राबवावयाचें, हें तिचें स्वरूप. प्राथमिक शिक्षणसेवकाचें मानधन कित्येक वर्षें महिना ६,००० रुपये होतें, म्हणजे दिवसाला २०० रुपये. तें २०२३ सालीं १६,००० झालें. मे २०१२ पासून राज्यांतील शिक्षकभरती कित्येक वर्षें बंद राहिली, आणि पुढें ‘पवित्र’ या नांवाच्या संगणकीय प्रणालीमार्फत ती पुन्हां सुरू झाली. जुलै २०२३ मध्यें रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांस महिना २०,००० रुपयांवर नेमण्याचा आदेश निघाला. मंजूर जागांपैकीं शेंकडा १० हून अधिक जागा रिकाम्या असूं नयेत, असें २००९ च्या कायद्याचें कलम २६ सांगतें. तें पाळण्याऐवजीं शाळेचें ठिगळकाम करण्यांतच शक्ति खर्च झाली. आतां एक साधा प्रश्न विचारूं. ज्याचा करार पुढच्या मे महिन्यांत संपणार आहे, तो शिक्षक कोणाचें तोंड पाहील : वर्गांतल्या मुलाचें, कीं करार वाढविणाऱ्याचें? वर्ष संपत आलें कीं त्याचें अर्धें लक्ष पुढच्या नेमणुकींत असणार, आणि नव्या वर्षीं मुलांपुढें पुन्हां नवा माणूस उभा राहणार. ज्यांच्या घरीं भाषा वेगळी, शाळेंत वेगळी आणि बाजारांत तिसरीच, त्या भिवंडीच्या मुलांना ओळखावयासच शिक्षकास एक वर्ष लागतें. ओळख होतांच त्याला निरोप द्यावयाचा, ही कोणती काटकसर?

कांहीं जण म्हणतील, करार राहूं द्या, पगार निकालाशीं बांधा. ही कल्पना नवी आहे असें समजणाऱ्यांनीं थोडा इतिहास चाळावा. इंग्लंडांत रॉबर्ट लो यानें १८६२ सालीं शाळांचें अनुदान हजेरीवर आणि वाचन, लेखन व गणित यांच्या परीक्षेवर ठरविणारी पद्धति आणली. शिक्षक परीक्षेपुरतें घोकून घेऊं लागले, आणि जो विषय तपासला जात नाहीं तो वर्गांतून नाहींसा झाला. स्वतः शाळा-तपासनीस असलेल्या मॅथ्यू अर्नोल्डसारख्या विचारवंतानें तिला विरोध केला, आणि त्या शतकाच्या अखेरीस ती टाकून द्यावी लागली. आपल्याकडेहि ती आली होती. जोतीराव फुले यांनीं १८८२ च्या ऑक्टोबरांत हंटर आयोगापुढें जें निवेदन ठेविलें त्यांत, गरीब व अशिक्षित लोकांत विद्येचा प्रसार करण्यास ही निकालानुसार पैसे देण्याची पद्धति मुळींच उपयोगी नाहीं, असें त्यांनीं स्वच्छ सांगितलें. कारण ज्या लोकांत शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाहीं, तेथें असल्या मिळकतीच्या भरंवशावर शाळा काढावयास कोणी शिक्षक धजणार नाहीं. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वींची ही हरकत यंत्रमागाच्या गल्लींत आजहि तशीच लागू पडते. निकालावर पगार ठरला कीं शिक्षक ज्या मुलांचे निकाल आधींच बरे येतात त्यांच्या शाळेकडे धांवेल, आणि ज्याला शिक्षकाची सर्वांत अधिक गरज तें मूल सर्वांना नकोसें होईल.

मग पात्रतेच्या परीक्षेचें काय? १ सप्टेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, महाराष्ट्रांतून गेलेल्या एका अपिलाच्या निमित्तानें, असा निकाल दिला कीं ज्यांच्या निवृत्तीस पांच वर्षांहून अधिक अवधि आहे अशा सेवेंतील शिक्षकांनींहि दोन वर्षांच्या आंत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावें, एरवीं सेवा सोडावी. अल्पसंख्य संस्थांच्या शाळांचा प्रश्न मात्र त्यानें अधिक मोठ्या पीठाकडे सोंपविला. शिकविणाऱ्यास विषय येतो कीं नाहीं हें पाहण्यास आमचा विरोध नाहीं. ज्याला अपूर्णांकाचा भागाकार येत नाहीं त्यानें तो शिकवूं नये. पण दोन गोष्टी विसरूं नयेत. पहिली अशी कीं, परीक्षा माणसाची विद्या सांगते, तो सोमवारीं सकाळीं वर्गांत काय करतो हें सांगत नाहीं. दुसरी अशी कीं, महाराष्ट्रांत २०१९-२० च्या याच परीक्षेंत पैसे घेऊन गुण वाढविल्याचें पुढें उघडकीस आलें. २०२१ च्या अखेरीस परीक्षा परिषदेच्या आयुक्तासच अटक झाली, आणि २०२२ सालीं सात हजार आठशेंहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. जो जाब विचारतो त्याला कोण जाब विचारतो, हा प्रश्न तेथें उभा राहतो. शिक्षकाच्या हातांतली फूटपट्टी तपासावयाची आणि तपासणाऱ्याचीच पट्टी वांकडी, अशी ही गत आहे.

आतां शिक्षकाच्या गैरहजेरीकडे पुन्हां वळूं. २०१७ सालीं अझीम प्रेमजी फाउंडेशननें सहा राज्यांत केलेल्या पाहणींत, कारणाशिवाय गैरहजर असलेले शिक्षक शेंकडा अडीचच निघाले. शाळेंत नसलेल्या बाकीच्यांपैकीं कोणी रजेवर, तर कोणी सरकारी कामावर वा प्रशिक्षणास गेलेले होते. याचा अर्थ असा कीं शिक्षक कामावर असतो, पण वर्गांत नसतो. कायद्याच्या कलम २७ प्रमाणें जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढींच शिक्षणेतर कामें त्याला देतां येतात. पण या तीन दारांतून किती कामें आंत शिरतात हें कोणत्याहि शिक्षकास विचारावें. मतदारयाद्यांची दुरुस्ती, पोषण आहाराचा रोजचा हिशेब, आणि भ्रमणध्वनीवर भरावयाची नित्य नवी माहिती! ही माहिती संध्याकाळपर्यंत वर गेली नाहीं तर सूचनापत्र येतें. दुसरीच्या वर्गाला महिनाभर जोडाक्षर कळलें नाहीं, म्हणून सूचनापत्र आल्याचें मात्र आमच्या ऐकिवांत नाहीं. आपल्या शिक्षकाला जाब विचारला जात नाहीं असें नव्हे. दिवसांतून दहा वेळां विचारला जातो, पण तो कागदाविषयीं.

या कागदाच्या राज्यांत खोटें कसें उपजतें याचेंहि एक उदाहरण पाहूं. ऑक्टोबर २०११ च्या ३ ते ५ तारखांस राज्यभर एकाच वेळीं पटपडताळणी झाली, आणि शाळांच्या पटावर असलेलीं पण वर्गांत नसलेलीं लाखों नांवें बाहेर पडलीं. तीं लिहिण्याचा मोह कोठून आला? शाळेचें अनुदान, आणि वर्षाच्या संचमान्यतेंत मंजूर होणारीं शिक्षकांचीं पदें, हीं दोन्हीं पटसंख्येवर ठरतात. चार मुलें कमी झालीं तर एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून दुसरीकडे जातो. भिवंडींत लग्नसराईस किंवा मागांचा धंदा मंदावला म्हणजे मजूर बायकामुलांसह मुलुखास जातात आणि केव्हां परततील याचा नेम नसतो; वीटभट्टीचीं कुटुंबें पावसाच्या तोंडीं हलतात. अशा मुलाचें नांव काढावें तर पद जातें, ठेवावें तर पट खोटा होतो. पोट आणि प्रामाणिकपणा यांची अशी झुंज लावून वर प्रामाणिकपणाचे धडे द्यावयाचे, हा न्याय अजब आहे.

शिक्षकांच्या संघटनांसहि येथें दोन शब्द ऐकविणें प्राप्त आहे. विधान परिषदेंत शिक्षक मतदारसंघांतून निवडलेले सात सभासद बसतात. घटनेप्रमाणें त्यांना मत देण्याचा अधिकार माध्यमिक व त्यावरील शाळांच्या शिक्षकांस आहे, प्राथमिक शिक्षकास नाहीं, ही गोष्टहि लक्षांत घेण्यासारखी आहे. पगार, बढती, बदली, निवृत्तिवेतन यांसाठीं या संघटना लढल्या; मार्च २०२३ मध्यें जुन्या निवृत्तिवेतनासाठीं झालेल्या संपांत शिक्षकहि उतरले. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु ‘अमका आमचा सभासद वर्गावर जात नाहीं, त्याची चौकशी करा’ असें एखाद्या संघटनेनें आपण होऊन म्हटलें आहे काय? वकिलांची परिषद वकिलाची सनद काढून घेऊं शकते, वैद्यकांची परिषद वैद्याचें नांव नोंदवहींतून कमी करूं शकते. जो व्यवसाय स्वतःच्या घरांतली घाण स्वतः काढीत नाहीं, त्याच्या दारावर दुसऱ्यांचे झाडू घेऊन लोक येतात. नोकरीच्या हमीला आज जो धोका उत्पन्न झाला आहे, तो कंत्राटवाल्यांनीं जितका आणला तितकाच, आळशी सभासदास पाठीशीं घालणाऱ्या या संघटनांनींहि आणला आहे.

आणि शेवटीं आम्ही, म्हणजे हें मासिक वाचणारा वर्ग! नगरपालिकेच्या व लोकल बोर्डाच्या शाळांतून शिकूनच या वर्गाच्या मागच्या पिढ्या पुढें आल्या. पुढें आपण आपलीं मुलें तेथून काढलीं आणि फी भरून दुसरीकडे घातलीं. तो आपला अधिकार होता. पण मुलांबरोबर आपण आपला आवाजहि काढून घेतला. जोंवर डॉक्टराचा, वकिलाचा व कारकुनाचा मुलगा नगरपालिकेच्या बांकावर बसत होता, तोंवर मास्तर आले नाहींत तर संध्याकाळीं कोणी तरी विचारावयास जाई. आज तेथें ज्याचा मुलगा बसतो, त्याला पाळी चुकवून यावें तर दिवसाची मजुरी बुडते. कायद्यानें त्याच्यासाठीं शाळा व्यवस्थापन समिति दिली आहे; तिच्यांत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असें कलम २१ सांगतें. परंतु दुपारीं बारा वाजतां बोलाविलेल्या सभेस मागावरचा मजूर येणार कसा? आणि न वाचतां येणाऱ्या इतिवृत्तावर आंगठा उमटवून त्याची आई जाब विचारणार तो काय? शिक्षकाचें उत्तरदायित्व कमी झालें याचें मोठें कारण हें आहे कीं, ज्यांना जाब विचारतां येतो त्यांचीं मुलें तेथें नाहींत, आणि ज्यांचीं मुलें तेथें आहेत त्यांना जाब विचारतां येत नाहीं.

तर मग करावें काय? आमच्या मागण्या थोड्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांस नवा कायदा लागत नाहीं. पहिली : परिवीक्षेच्या मुदतींत नव्या शिक्षकाचा वर्ग वर्षांतून निदान सहा वेळां पाहिला जावा, आणि पाहणाऱ्यानें नांव घालून शेरा लिहावा; असे शेरे नसतील तर कायम करण्याचा कागद कोणींहि मान्य करूं नये. दुसरी : पाहणाऱ्यास त्या वर्गाची भाषा यावी. तेलुगु वर्गांतल्या मुलाची वही ज्याला वाचतां येत नाहीं, त्याची तपासणी ही केवळ भेट होय. भिवंडीसारख्या बहुभाषी शहरांत प्रत्येक माध्यमास त्या भाषेचा तपासनीस हवा. तिसरी : चौकशीस १२० दिवसांची जी मर्यादा नियमांत आहे ती सर्व प्रकारच्या शाळांत कसोशीनें पाळावी, आणि ती ओलांडणाऱ्या अधिकाऱ्यासच कारण विचारावें; दोषी लवकर जावा आणि निर्दोष लवकर सुटावा, यांत दोघांचेंहि हित आहे. चौथी : प्रत्येक शाळेच्या दारावर मंजूर शिक्षक किती, हजर किती, आणि शिक्षणेतर कामावर गेलेले किती व कोणाच्या हुकुमानें, हें रोज पालकांच्या भाषेंत लिहावें. पांचवी : व्यवस्थापन समितीची सभा मागाची पाळी सुटल्यावर अथवा सुटीच्या दिवशीं भरावी, आणि इतिवृत्त मोठ्यानें वाचून दाखवावें. या पांचांत शिक्षकाची नोकरी काढून घेणारें एकहि कलम नाहीं. आणि तरीहि कामचुकारास यांतल्या एकाचीहि धास्ती वाटल्यावांचून राहणार नाहीं.

यावर खर्चाचा बाऊ केला जाईल. तपासनीस नेमावे तर पगार द्यावा लागतो, हें खरें. पण ज्या राज्याला पोरांच्या शाळेकडे पाहावयास माणूस परवडत नाहीं, त्याला शिक्षकास दरवर्षीं बदलणें परवडतें काय? नोकरीची हमी आणि कामाचा जाब या गोष्टी एकमेकींच्या वैरिणी नव्हेत. हमी असलेला माणूसच निर्भयपणें जाब देऊं शकतो, आणि जाब देणाऱ्या माणसालाच हमी मागण्याचा अधिकार उरतो. आजवर आपण हमी दिली आणि जाब विसरलों. आतां जाबाच्या नांवाखालीं हमी काढण्याचा बेत चालला आहे, आणि जाब मात्र तेव्हांहि कोणी विचारणार नाहीं. ज्यांस शिक्षक कायम असल्याबद्दल संताप येतो, त्यांनीं तो संताप घेऊन आपल्या गल्लींतल्या नगरपालिकेच्या शाळेच्या पुढच्या सभेस जावें, मागच्या बांकावर बसून ऐकावें, आणि जी आई आंगठा उमटवीत असेल तिला त्या कागदांत काय लिहिलें आहे तें वाचून दाखवावें. त्यास कोणाच्या परवानगीची जरूर नाहीं.